तीन नंबरवरून निळं कोण काढतं?

१

चौथ्या रविवारीही तीन नंबरवरून निळं गायब झालं, तेव्हा कुशल बिसेन थेट माझ्या दारात येऊन उभा राहिला. दुपारचे बारा वाजले होते. मी एकट्यापुरता भात टाकला होता आणि तो नेहमीसारखाच दोघांचा झाला होता.

"काकाजी, हद झाली," तो म्हणाला. "सोमवारी मी निळं टाकतो, रविवारी सकाळी कोणीतरी काढून टाकते. गिऱ्हाईक येते, हेडफोन लावते, आन् पाहाते तं निळंच नाही. आज पाच जण वापस गेले."

निळं म्हणजे काय ते सांगायला हवं. साल २००८. इंटरनेटवरून परदेशात बोलायची सोय बालाघाटात नवी होती आणि त्या सॉफ्टवेअरांची विलायती नावं कोणाच्या जिभेवर बसत नव्हती. लोक ती रंगावरून ओळखत. कुशलच्या सायबर कॅफेत दोन होती, निळं आणि नारंगी. हेडफोनची मशिनंही दोनच, तीन नंबर आणि चार नंबर. चार नंबर जुनंपुराणं, त्यावर नारंगीच काय ते चाले. तीनवर दोन्ही चालत, पण निळं फक्त तिथंच.

आता हा मामला माझ्याकडे का आला, तर मी एकतीस वर्षं इथल्या टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडण्यात काढली. गावातली लग्नं, मयती, बदल्या, भांडणं सगळी माझ्या कानांवरून गेली आणि त्यातला एक शब्द मी बाहेर काढला नाही. त्यामुळे गाव मला शहाणा समजतं. खरं तर मी नुसता गप्प आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मला परदेशातून फोन करील असं कोणी नाही, देशातूनही नाही. तरी रविवारी सकाळी मी कॅफेच्या बाकावर पेपर घेऊन बसतो, कारण माणसं एकमेकांशी बोलतायत हे ऐकल्याशिवाय मला करमत नाही. हे मी कोणाला सांगत नाही. पेपर फुकट मिळतो म्हणून जातो, असंच सांगतो.

"कोणावर शक?" मी विचारलं.

"शक कायचा? रचनाच आहे. रविवारी सकाळी दुकान तीच खोलते. येत्या रविवारपर्यंत तिनं कबूल केलं तं ठीक, नाही तं तिले किरनापूरले वापस पाठवतो."

रचना ही कॅफे सांभाळणारी एकोणीस वर्षांची पोरगी. तिचा बाप महागू तिकडे तिचं लग्न ठरवायला टपून बसलेला. ही नोकरी आहे तोवर तो थांबणार होता. म्हणजे कुशलनं तिला काढलं की कॅफेही गेलं आणि कॉलेजचं फायनलही गेलं. कुशलला हे सगळं माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची घाई माणसाला का होते, हे मला आजवर कळलेलं नाही.

"सात दिवस दे," मी म्हणालो.

२

रविवारी सकाळी साडेसात ते नऊ या वेळात कॅफेत माणसं किती? रचना, मी, चार नंबरवर प्रेमलाल आणि तीन नंबरवर अलकनंदाबाई पांढरीपांडे. शिवाय समोर राकेशचं एसटीडीचं दुकान. बस, एवढेच.

आधी राकेशकडे गेलो. एके काळी त्याच्या तीन बूथसमोर रांगा लागायच्या. आता दोन बूथमध्ये कुरकुऱ्यांच्या माळा टांगलेल्या.

"निळं गेलं तं मले आनंदच आहे काका," तो म्हणाला. "खोटं काहून बोलू? पण आनंद झाला म्हणून मी काढलं असं थोडीच आहे. माझं शटर साडेनवाले उघडते, तुम्ही तं समोरच बसता."

ते खरं होतं. चारही रविवारी त्याचं शटर मी खालीच पाहिलं होतं.

प्रेमलाल तिरोडीच्या खाणीतून निवृत्त झालेला कारकून. त्याची मुलगी मस्कतला दिली आहे. तो नारंगीचा कट्टर भक्त.

"निळं लय खादाड आहे हो," तो तावातावानं म्हणाला. "तिकडे तीनवर निळं सुरू झालं का इकडे माझी लाईन अडकते. पोरगी म्हणते 'बाबा, जेव...' आन् बंद. मी कुशलले शंभर वेळा म्हणलं, काढ ते. पण मी काढीन कसा? मले तं माऊस धरता येत नाही. रचना लावून देते तेव्हा मी बोलतो."

तेही खरं होतं. त्याला पडद्यावरचा बाण सापडत नसे, मग सॉफ्टवेअर कुठून सापडणार.

राहिली रचना. ती रडत नव्हती, संतापली होती. अशी माणसं मला बरी वाटतात.

"काकाजी, मी कशाले काढीन? निळं आहे म्हणून तं गर्दी येते. निळ्यात चेहरा दिसते, आवाज साफ येते, नावावर बाण नेला का समोरच्याच्या गावचा टाइमबी दिसते. नारंगीत नुसता आवाज. पण कमजोर लाईनवर चालते, येवढाच त्याचा गुण."

"काढणाऱ्यानं कसं काढलं?"

"तेच तं. वरचं चित्र नाही पुसलं त्यानं, एकदम जड से निकाला. सारे कायदे पाळून. मंग मशीन बंद करून वापस चालू केलं. हे शिकलेल्याचं काम आहे. आन् इथं शिकलेले दोघंच, मी आन् कुशलभैया." ती थांबली. "म्हणूनच ते माझं नाव घेऊन राह्यले."

"तीनवर चारही रविवारी कोण बसलं?"

"बाईच बसल्या. पण त्या बिचाऱ्या काय करतील? त्यांचंच तं नुकसान झालं. केदारदादाचा चेहरा दिसत होता तो गेला. आधी तं हेडफोनसाठीबी मले हाका मारत. आता महिना झाला, म्हणतात, 'राहू दे रचना, मी करून घेते.'"

महिना. म्हणजे चार रविवार.

३

अलकनंदाबाई मुलींच्या शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम गावाला ठाऊक आहे, काहींना महागही पडला आहे. एकदा शिक्षणाधिकाऱ्यांसमोर त्यांनी सांगितलं होतं, शाळेचं संडास आहे, पण ते कागदावर आहे. त्यांचे यजमान लवकर गेले. एकुलता एक केदार तीन वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेला, तेव्हापासून बाईंचा आठवडा रविवारी सकाळी आठ वाजता सुरू होतो आणि साडेआठला संपतो.

मी बुधवारी त्यांच्या घरी गेलो. रचनाचं नाव काढलं नाही. न ठरलेली गोष्ट कशाला पसरवा.

"निळं गेल्यानं तुमची पंचाईत झाली असेल," मी म्हणालो.

"चेहरा दिसत नाही आता," बाई म्हणाल्या. "आवाजावरच भागवावं लागते. जेवला का विचारलं तं हौ म्हणते. जेवलेल्या माणसाचा चेहरा वेगळा असते, नीळकंठराव."

बोलता बोलता मी भिंतीकडे पाहिलं. केदारच्या पदवीदानाचा फोटो, शेजारी शिक्षकांच्या दहा दिवसांच्या संगणक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, चौकटीत बसवलेलं. त्याखाली दोन घड्याळं. हे मला नवं नव्हतं. मुलगा परदेशात असलेल्या घरी दुसरं घड्याळ असतंच, एक आपलं आणि एक त्याचं. बाई चहा ठेवताना त्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहून सांगायच्या, आता केदार झोपला असेल, आता उठला असेल.

आपल्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. केदारच्या घड्याळातही चार वाजून वीस मिनिटंच झाली होती. दोन्ही टिकटिकत होती.

"बाई, केदारचं घड्याळ बिघडलं वाटते," मी म्हणालो.

बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही बरोबर आहेत."

आणि त्या चहा आणायला आत गेल्या.

४

दुसऱ्या दिवशी मी कॅफेतलं रजिस्टर मागून घेतलं. कोण आलं, किती वाजता बसलं, किती वाजता उठलं, हे पोलिसांच्या हुकमानं तिथं लिहून ठेवावं लागतं. मी मागची दोन वर्षं चाळली.

अमेरिकेत हिवाळा लागला की घड्याळं तासभर मागे घेतात. ट्रंकच्या दिवसांत परदेशी बुकिंग घेताना हे लक्षात ठेवावं लागे, नाहीतर गिऱ्हाईक शिव्या घाली. केदार तिकडे शनिवारीही कामाला जाई आणि रात्री साडेदहाला घरी येऊन आईला फोन करी. ते साडेदहा म्हणजे आपल्याकडचे रविवारचे आठ. त्यांची घड्याळं मागे गेली की मात्र आपल्याकडचे नऊ. रजिस्टरात तसंच होतं. दोन्ही वर्षं नोव्हेंबर सरकायच्या आत बाई आठच्या नऊवर गेलेल्या, त्या थेट मार्चपर्यंत.

यंदा नोव्हेंबर संपत आला होता. बाई आठलाच बसत होत्या.

तिकडे राहणाऱ्याला हा बदल विसरता येत नाही, त्याला भिंतीवरचं घड्याळ हातानं मागे करावं लागतं. इकडे राहणाऱ्याला त्याची आठवण कोण करून देणार?

मग मला आणखी एक गोष्ट आठवली आणि मी स्वतःवरच चिडलो, कारण ती मला महिन्याभरापूर्वीच कळायला हवी होती. लांबच्या कॉलमध्ये आवाज पोचायला क्षणभर लागतो. बाई पूर्वी बोलायच्या, थांबायच्या, मग पुढचं वाक्य. अलीकडे त्या थांबत नव्हत्या. शेजारच्या गल्लीतल्या माणसाशी बोलावं तसं बोलणं चाललं होतं. एकतीस वर्षं कान विकून पोट भरलेल्या माणसाला हे ऐकू येऊ नये, याला काय म्हणावं?

केदार अमेरिकेत नव्हता. बाईंना ते माहीत होतं. आणि निळं बाईच काढत होत्या. एवढं झालं, पण एक गोष्ट जुळेना. मुलाचा चेहरा दिसावा म्हणून तडफडणारी आई तो चेहरा दाखवणारी गोष्टच दर रविवारी उपटून का टाकत होती?

५

शनिवारी दुपारी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो.

"बाई, रचनाची नोकरी जाऊन राह्यली," मी म्हणालो. "उद्या कुशल तिले काढते. निळं तिनं काढलं म्हणते."

बाईंच्या हातात निवडायची मेथी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"तिचं नाव कुठून आलं याच्यात?"

"काढणारा शिकलेला आहे म्हणून. त्या प्रमाणपत्राकडे कोणाचं लक्ष नाही गेलं."

मग बोलू लागल्या तेव्हा वर्गात धडा वाचावा तशा सरळ बोलल्या.

"दिवाळीच्या आधीच्या रविवारी पाह्यलं मी. त्याच्या नावावर चुकून बाण गेला, तं टाइम आला, सकाळचे आठ. मले वाटलं मशीन चुकलं. मंग त्याच्या चेहऱ्याकडे पाह्यलं. मागे पडदा लावला होता, पण पडद्याच्या फटीतून ऊन येत होतं. तिथं तं रात्र पाहिजे होती ना?"

"तुम्ही विचारलं नाही?"

"काय विचारू? तिकडे लोकांच्या नोकऱ्या जाऊन राह्यल्या, पेपरात वाचत होती मी. त्याची गेली असन, वापस आला असन. कुठं आहे ते मले आजबी माहीत नाही. पण जो पोरगा आईपासून येवढं लपवते, त्याले तोंडावर धरलं तं तो काय करीन? रविवारचा फोन बंद करीन. मले बाकी काय आहे, सांगा?"

मलाच बाकी काय होतं?

"चेहऱ्यासमोर बसून त्याले खोटं बोलावं लागे. पडदे लावावे लागत, जाड स्वेटर घालावं लागे. माझ्याच्यानं पाहवत नव्हतं. म्हणून मी म्हणली, बाळा, इथं निळं नाही आता, नारंगीवर बोलू. कसा सुटल्यासारखा बोलला त्या दिवशी. पण दर रविवारी विचारते, 'आई, निळं आलं का?'"

"आणि तुम्ही खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

"नाही बोलत. आधी काढते, मंग सांगते, नाही आलं म्हणून."

एका शब्दाचं खोटं टाळायला ही बाई चार रविवार हेडफोन लावायच्या आधी प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे पायरीपायरीनं ते निळं उपटत होती आणि तिचा पोरगा पलीकडे तिच्यासाठी हवामान रचत होता. मला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली.

"तुम्ही उद्या येऊ नका," मी म्हणालो. "मी काहीतरी करतो."

"तुम्ही काय कराल?"

"मले खोटं बोलता येते," मी म्हणालो.

६

रविवारी कुशल साडेसातलाच येऊन बसला होता. प्रेमलाल आला. तमाशा पाहायला राकेश आयुष्यात पहिल्यांदा लवकर उठला. रचना काउंटरमागे हाताची घडी घालून उभी.

मी घसा खाकरला. "कुशल, निळं मी काढत होतो. प्रेमलालची लाईन अडकते, त्याचं मले वाईट वाटलं, म्हणून..."

"काकाजी, तुम्ही?" कुशल हसलाच. "तुम्हाले तं मशीन चालू करता येत नाही."

"शिकलो."

"नीळकंठराव, बसा खाली," दारातून आवाज आला.

अलकनंदाबाई चपला बाहेर काढून आत आल्या. पाठीशी वर्ग असल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "निळं मी काढत होती. रचनाचा याच्यात काही संबंध नाही. माझा केदार अमेरिकेत नाही, वापस आला आहे. मले माहीत आहे हे त्याले कळू नये म्हणून मी काढत होती. कुशल, तुझं नुकसान झालं, माझी चूक आहे. आन् त्याहून मोठं नुकसान या पोरीचं झालं असतं."

राकेशनं मान खाली घातली. कुशल रचनाला म्हणाला, "ठीक आहे, बस आता." पण ती बसली नाही. "आधी सॉरी म्हणा," ती म्हणाली. त्याला म्हणावं लागलं.

मग आठ वाजले. बाई तीन नंबरवर बसल्या, या वेळी कुशलला विचारून निळं काढलं आणि नारंगी लावलं. आम्ही सगळे बाहेर आलो. तरी मला ऐकू येत होतं. त्यांनी केदारला थंडी विचारली, जेवण विचारलं. बाकी काही नाही.

पण चार माणसांत बोललेली गोष्ट बालाघाटात चार दिवस टिकत नाही. कोणाचा मामेभाऊ, कोणाचा साडू, गोष्ट गोंदियाची गाडी धरून पुढे गेली. पुढच्या रविवारी बाई आठला येऊन बसल्या. साडेआठ झाले, नऊ झाले. प्रेमलालनं बोलणं अर्ध्यात आटोपलं, त्याला लाज वाटली असावी. दहा वाजता बाईंनी हेडफोन काढून खुंटीला लावला, वायर नीट गुंडाळली आणि घरी गेल्या. मी मागून गेलो नाही. कोडं मी सोडवलं होतं. ते सोडवून मी काय मिळवलं, ते दिवसभर शोधत बसलो.

७

बुधवारी दुपारी एक सायकलरिक्षा बाईंच्या दारात थांबली. तिच्यावर दोन मोठ्या बॅगा आणि त्यांच्यामागे केदार. तीन वर्षांत पोराचे केस विरळ झाले होते. मी रस्त्यानं जात होतो, बाईंनी मला पाहिलं आणि हातानं बोलावलं. मला जायचं नव्हतं, पण एकटीला जमणार नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तो सप्टेंबरात परतला होता. कंपनीनं एका शुक्रवारी दीडशे लोक काढले, त्यात तो होता. नागपुरात मित्राच्या खोलीवर राहून दुसरी नोकरी शोधत होता. मिळाली की सांगू म्हणत तीन महिने गेले, आणि शेवटी आईला सगळं माहीत असल्याची बातमीच फिरत फिरत त्याच्यापर्यंत आली. बाई आत गेल्या तेव्हा हे त्यानं मला सांगितलं, आईला नाही. आईसमोर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

बाईंनी चहा केला. बशा मांडल्या. मग त्या त्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. तीन वर्षं दर रविवारी अर्धा अर्धा तास बोलणारी ही दोघं माणसं आज चार फुटांवर बसली होती आणि कोणालाच सुरुवात सापडत नव्हती. केदार बशीकडे पाहत होता. बाई केदारकडे पाहत होत्या, डोळे भरून, जेवलाय का ते शोधत. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

शेवटी सवयीनं जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर आलं. त्या थोड्या पुढे वाकल्या आणि जरा मोठ्यानं म्हणाल्या, "केदार, ऐकू येऊन राह्यलं ना माझं?"

केदारनं वर पाहिलं.

"हौ आई," तो म्हणाला. "येऊन राह्यलं."

मी कप खाली ठेवला आणि घरी आलो.